भांडाण झाला तर मिक्सर कोणाचो

कायद्याचा सल्ला ही माणसाची मूलभूत गरज असून सिंधुदुर्ग जिल्ह्यात ती जन्मतःच भागवली जाते. एका पाहणीनुसार (पाहणी मी स्वतः तिठ्यावर उभं राहून केली) वेंगुर्ल्यात दर घरामागे दीड कायदेतज्ज्ञ आहे. त्यातला अर्धा तो, ज्याच्याकडे सनद असते.

अशा संपन्न गावात जॅनेट आणि विनीता यांनी स्टार्टअप काढला. म्हणजे शाळेपासूनच्या या दोन मैत्रिणी काजूच्या बोंडूंचं सरबत करू लागल्या. बोंडू पडला की त्याच दिवशी पिळायचा, नाहीतर तो आंबतो. मालवणच्या एका हॉटेलाने हंगामभराची मागणी नोंदवली. अट एकच, भागीदारीचा करार दाखवा. गावातल्या वकीलबाई म्हणाल्या, दोन पानांचं काम आहे, आणि फी सांगितली. दोन पानांना एवढी फी! सल्ला फुकट मिळणाऱ्या गावात पानं विकत कोण घेतो? दोघी परशुरामकाकांकडे गेल्या.

काकांचा अधिकार मोठा. एका फणसाच्या झाडावरून सख्ख्या भावाशी त्यांचा दावा इतका जुना, की मधल्या काळात फणस पडून गेला (आता वाद खुंटाचा आहे). ते फी घेत नाहीत. चहा घेतात.

स्टार्टअप म्हणजे काय, हे काकांनी विचारलं नाही. त्यांना कायदा एकच येतो, वाटणीचा. पण तो पुरता येतो. चहा संपवून त्यांनी कप खाली ठेवला.

"गो जॅनेट, भांडाण झाला तर मिक्सर कोणाचो?"

"काका, पण भांडाण खंय आसा?"

"होतला," काका मायेने म्हणाले. "मी आसंय मा."

पुढे काम झपाट्याने झालं. काका निःपक्षपाती, म्हणून त्यांनी दोघींना वेगवेगळं बोलावून एकच सल्ला दिला: आपली वहिवाट दाखवून ठेवा. जॅनेटने मिक्सर कपाटात घालून कुलूप लावलं. विनीताने मिक्सरचं भांडं घरी नेलं. बाटल्यांच्या खोलीची वाट जॅनेटच्या अंगणातून जात होती, तिथे चिऱ्यांचा गडगा उभा राहून वाट बंद झाली. पाककृतीचेही रीतसर हिस्से पडले. बोंडू जॅनेटकडे, साखर-लिंबू विनीताकडे (मीठ सामाईक).

मग मात्र दोघींनी वकील केले. एकीने त्याच वकीलबाई, दुसरीने सावंतवाडीचे एक नामांकित गृहस्थ. एका वकिलाची फी परवडत नव्हती, दोघांची परवडली. कोर्टाने 'जैसे थे' ठेवायला सांगितलं. दोघींनी ते तंतोतंत पाळलं. बोंडूंना आदेश कोणी बजावला नव्हता, ते आंबले. हॉटेलवाल्याने हंगाम संपायच्या आत दुसरीकडून कोकम घेतलं. वाईट वाटतं हो. एका डब्यात जेवलेल्या पोरी, आता एकीला बाजारात बघून दुसरी गल्ली बदलते. काकांना अजिबात आश्चर्य वाटलेलं नाही. आपण आधीच सांगितलं होतं, असं ते म्हणतात, आणि ते खरंच आहे.

आता हे वाचताना तुम्ही मनात म्हणालात ना, काय वेड्या पोरी, त्यापेक्षा मला विचारायचं? आणि मिक्सर कोणाचा, हेही ठरवून टाकलंत? बघा, कोणी विचारलंसुद्धा नव्हतं. काकांना हल्ली खुंटाच्या तारखांमुळे सवड होत नाही, त्यांच्या शेजारी तुमची खुर्ची मांडून ठेवली आहे. चहात साखर किती घालू?