धुळ्याचे एकेचाळीस फॅक्स

फॅक्सच्या बाबतीत अख्ख्या जळगावात माझा हात धरणारा कोणी नाही, असं मी २००६ सालापर्यंत चारचौघांत सांगत असे. त्या वर्षीच्या मे महिन्यापासून सांगत नाही. का, ते ऐका.

तेव्हा मी बियाणे विक्रेत्यांच्या संघात कॉम्प्युटर ऑपरेटर होतो. हंगामी! अकरा महिन्यांची ऑर्डर संपत आली होती आणि ती वाढणार की मी पुन्हा घरी बसणार, हे आमच्या जीवराम नानांच्या एका शेऱ्यावर होतं. नाना म्हणजे आमचे हेडक्लार्क. कॉम्प्युटरवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. त्याच्यावरचं कव्हर काढतानासुद्धा ते दोन पावलं मागे उभे राहत.

त्या दिवशी धुळ्याच्या मार्केटातल्या एकेचाळीस दुकानदारांना मीटिंगची नोटीस पाठवायची होती. आजवर हे काम म्हणजे फॅक्स मशीनपुढे उभं राहून एकेचाळीस वेळा तोच कागद घालणं.

"नाना, तुम्ही बसा," मी म्हणालो. "मी यादी टाइप केली आहे. आता एकदा बटण दाबतो. कॉम्प्युटर स्वतःच एकेकाला फोन लावेल आणि फॅक्स सोडेल. तुमचा चहा संपायच्या आत धुळं संपलं म्हणून समजा."

"आणि नाही गेले तर?"

"चुका माणसं करतात नाना. मशीन करत नाही."

"बटण कोण दाबणार आहे?" नानांनी विचारलं.

मी दाबलं. सकाळी साडेदहाला.

पडद्यावर पहिलं नाव आलं. डायल होतंय. मग मिनिटभर काही नाही. मग लाल अक्षरं: उत्तर नाही, पुन्हा प्रयत्न होईल. म्हटलं, दुकानदार चहाला गेला असेल. दुसरं नाव आलं. उत्तर नाही. तिसरं, चौथं, पाचवं. आता अख्खं मार्केट एकाच वेळी चहाला जातं का? नाही जात. पण माणूस स्वतःच्या बढाईत अडकला की त्याला असलं काहीही पटतं.

मी मोडेमचा वेग कमी केला. वायर काढून फुंकर मारली. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. मदतीच्या पुस्तकात लिहिलं होतं, 'लाइन तपासा'. लाइन तपासली, चांगली होती. 'धीर धरा' असंही लिहिलं होतं. तेही केलं. मशीन बिचारं इमानदार. एकेका नंबरावर तीन-तीन खेपा घालत राहिलं. नाना दर अर्ध्या तासाने येत, पडद्याकडे बघत आणि "धुळं दूर आहे बुवा," एवढंच म्हणून जात. शेऱ्याचा मजकूर त्यांच्या चेहऱ्यावर तयार होताना मला दिसत होता.

तीन वाजायला आले तेव्हा आठवलं की नानांना आवाजाचा त्रास होतो म्हणून मोडेमचा स्पीकर मीच बंद ठेवलाय. चालू केला. फोन लागला. पलीकडे कोणीतरी उचलला. आमच्या मोडेमने दर तीन सेकंदांनी आपलं 'पीऽऽप' सुरू केलं आणि त्या 'पीऽऽप'च्या मधून एका म्हातारीचा आवाज आला.

"ललित, ती मशीन जराशी बंद कर ना बेटा. नही का? बरं, ऱ्हाऊ दे. मी सांगस, तू आयक. कैरीनं लोनचं घालं मी. कंबर आते बरी शे. तू आखाजीना सनले उना नही, पन मी काही मनवर लिधं नही..."

मिनिट संपलं. मोडेमने फोन कापला. उत्तर नाही, पुन्हा प्रयत्न होईल.

 मी सगळं थांबवलं आणि यादी उघडली. धुळ्याचा कोड सुरू होतो शून्याने. मी टाइप केलेल्या यादीत एकाही नंबराच्या आधी शून्य नव्हतं. नंबराच्या आधी शून्य कशाला, असं स्वतःच ठरवून कॉम्प्युटरने एकेचाळीसच्या एकेचाळीस शून्यं खाऊन टाकली होती. त्यामुळे फोन धुळ्याला गेलेच नव्हते. जळगावचे नंबर सात आकडी, म्हणून एक्स्चेंजने पहिले सात आकडे घेतले आणि जळगावातलाच नंबर जोडून दिला. धुळ्याच्या त्या मार्केटात सगळ्यांच्या नंबराची सुरुवात सारखीच. त्यामुळे प्रत्येक वेळी तोच फोन, तीच म्हातारी! एकेचाळीस त्रिक एकशे तेवीस. शेवटचे चार-पाच राहिले असतील.

शून्यं भरून पुन्हा बटण दाबलं. चाळीस मिनिटांत एकेचाळीस फॅक्स गेले. पाचच्या सुमारास नानांना म्हणालो, "लाइनमध्ये बिघाड होता." नाना मान हलवतात तोच दारात रुपसिंग उभा. टेलिफोनचा लाइनमन. हातात घडी घातलेला कागद.

"तुमच्या नंबरवरून एका बाईंना दिवसभर फोन गेलेत," तो म्हणाला. "एक्स्चेंजमध्ये दिसलं. बाईंची लेखी तक्रार आहे."

नानांनी चष्मा काढला. "प्रशील, तक्रार मिटल्याची सही आज आणायची. नाही आणली, तर सोमवारी माझ्याकडे ऑर्डर मागायला येऊ नको."

रुपसिंगच्या सायकलमागे माझी सायकल. वाटेत मी माफीची सात वाक्यं जुळवली. त्यातली चार रडकी होती.

दार उघडलं ते त्या बाईंनीच, सुनंदामावशींनी. सडपातळ बांध्याच्या, डोक्यावर पदर, हाताला हळद. आत एक खोली, स्टुलावर फोन, फोनवर विणलेला रुमाल. मी तोंड उघडायच्या आत मावशीच रुपसिंगला म्हणाल्या, "उना का भाऊ? बरं झालं. तीन वाजापाईन घंटी बंद शे."

"काय?" मी म्हणालो.

"सकायपाईन मना ललितना फोन येत व्हता. सुरतले कारखानामा शे तो. मशीनना आवाजमा त्याले मनं ऐकू येत नही, माले त्यानं ऐकू येत नही. पन पोरगा घडी घडी फोन करत व्हता. अन् तीन वाजनात अन् फोन बिघडना. लवकर दुरुस्त कर भाऊ."

रुपसिंगने कागदाची घडी उलगडून माझ्यापुढे धरली. तक्रार एका ओळीची होती: तीन वाजल्यापासून घंटी वाजत नाही.

त्याने फोन तपासला. खिशातल्या मोबाइलवरून नंबर लावला. स्टुलावरची घंटी वाजली आणि मावशी धावल्याच. "ललित?"

"मी आहे मावशी. टेस्टिंग," रुपसिंग त्यांच्या शेजारी उभा राहून म्हणाला.

फोन चांगला आहे, इथे सही करा, असं त्याने सांगून पाहिलं. मावशी ऐकेनात. ललितचा फोन आल्याशिवाय फोन चांगला कसा म्हणायचा? रुपसिंग माझ्याकडे बघायला लागला. सहीशिवाय माझी ऑर्डर नव्हती. खरं सांगतो, त्या क्षणी मला फक्त ऑर्डरच दिसत होती. म्हणून मी सांगून टाकलं. ललित नव्हता मावशी. कॉम्प्युटर होता. आमचा, धुळ्याला कागद धाडत होता. शून्य राहिलं होतं माझ्याकडून.

मावशी खाटेवर बसल्या. हाताची हळद पदराला पुसली.  मग कागद मागितला आणि एकेक अक्षर जोडत सही केली.

"माले वाटनंच व्हतं," त्या म्हणाल्या. "ललित एवढा फोन करत नही. केला तरी 'आई, कामवर शे' म्हनीसन ठेई देस. यानी तं मनं बठ्ठं बोलनं आयकी लिधं."

मी कागद घडी करून खिशात घातला. नोकरी वाचली होती. रुपसिंग बाहेर जाऊन सायकलचं कुलूप उघडत बसला, जे मुळात लावलेलंच नव्हतं. मीही चप्पल घालायला वाकलो.

"भाऊ," मावशी मागून म्हणाल्या, "उद्या बी शेतस का काही कागद धाडाले?"

सात वाक्यं जुळवून आलो होतो. त्यातलं एकही इथे उपयोगाचं नव्हतं.

"उद्या रविवार आहे, मावशी," मी म्हणालो.