पापुद्र्याखाली पापुद्रा

ओतिलियाचा पापुद्रा हरवला तेव्हा अकरा वाजले होते, आणि बाराला तिचा नंबर होता. पलीकडच्या इमारतीतल्या त्या अवाढव्य गोल किरणयंत्रावरचे चार तास तिला वर्षभर अर्ज करून मिळाले होते. चुकला नंबर, की बसा पुन्हा वर्षभर!

तिचा स्फटिक म्हणजे पापुद्र्यांची चवड. प्रत्येक पापुद्रा चुंबक, आणि शेजारचा मुद्दाम उलटं तोंड करून बसलेला, भांडलेल्या जावाच जणू. आतून वीज जात नाही. वरचे इलेक्ट्रॉन मात्र असे सुसाट, की वाटेत काहीही येवो, माघारी म्हणून फिरत नाहीत. निदान ओतिलियाचा तसा दावा होता. पुरावा होता त्या एकाच धड पापुद्र्यात. तो तिनं चिकटपट्टीनं सोलून, पट्टीसकट टेबलाच्या कडेला लावून ठेवला होता.

"सर, इथली पट्टी कुठंय?"

"ती होय? वापरली की!" तिचे मार्गदर्शक प्लुता सर खुशीत म्हणाले. "गेन्याबाईंचा नामदिन ना आज, त्यांच्या नावाच्या संताचा दिवस. चॉकलेटचा खोका बांधत होतो, आयतीच सापडली."

"सर, तिच्यावर माझे आठ महिने होते!"

"अरेच्चा! मला वाटलं, जरा मळलीय."

ओतिलिया सपाता फटफटवत जिना उतरली. प्रयोगशाळेची झाडलोट बघणाऱ्या गेन्याबाई खसखशीचा केक कापत होत्या.

"तो खोका? हलवून बघितला, तर चॉकलेटं. मला मेली साखर! झेनोनला देऊन टाकला. तू आधी केक खा बरं."

केक तोंडात कोंबून, सपातांनीच बर्फ तुडवत ती फाटकावर पोचली. पहारेकरी झेनोनकाका हसले. "चॉकलेट खायला दात कुठायत मला? किरणयंत्रावरच्या इगाला पाठवला. परवा बिचारीनं माझी गाडी ढकलली होती."

"काका, इथं कुणी खोका उघडून का बघत नाही हो?"

"भेटीचा खोका कुणी उघडतं होय, पोरी?"

बाराला पाच कमी असताना ती रिकाम्या हातांनी इगाच्या दारात उभी राहिली. "इगाताई, माझा नमुना..."

"आधी हे घे. यंत्रावर पहिलीच वेळ ना तुझी? माझ्याकडून शुभेच्छा!" इगानं खोका पुढे केला.

ओतिलियानं तिला कडकडून मिठीच मारली. खोक्यावरची पट्टी अलगद सोडवली, तर पापुद्रा तिच्याखाली शाबूत होता. कागदाचा चुरा, डिंक, सगळं अंगाला लागलेलं, पण शाबूत. तिनं दुसरी पट्टी लावून वरचा थर ओढला. खाली कोरा, आरशासारखा थर! तीनच्या सुमाराला पडद्यावर त्या सुसाट इलेक्ट्रॉनांची रेघ उमटली, तिनं सांगितली होती अगदी तशीच.

"आता तरी उघड तो खोका!" चहा टाकायला जाता जाता इगा ओरडली.

ओतिलियानं सरांचा कागद सोडवला. खाली आणखी एक कागद, त्यावर कार्ड: 'प्लुता सरांना नामदिनाच्या शुभेच्छा. ओतिलिया.' त्याच्याही खाली तिसरा कागद डोकावत होता, तिच्या आत्यानं तिला खोका दिला होता तेव्हाचा.

 तिनं तिन्ही कागद जिथल्या तिथे नीट बसवले.

"इगाताई, त्यापेक्षा केक आणू का? गेन्याबाईंकडे ढीगभर उरलाय!"

आणि तिनं चिकटपट्टीचा तुकडा कापला. लावण्याआधी मात्र तो उजेडात धरून दोन्ही बाजूंनी नीट पाहून घेतला.