बारा दाती माऊस

आदिनाथच्या नावाने आलेलं पार्सल दारातूनच परत गेलं, आणि ते परत पाठवणारा दुसरा तिसरा कोणी नसून त्याचा जन्मदाता बाप होता.

“फोडून दाखव म्हणलं, तर त्यो पार्सलवाला न्हाई म्हणला,” शेषेरावांनी पानाला चुना लावत सांगितलं. “तोंड न दाखवता जनावर इकणाऱ्याचं आपण घेत नसतोत.”

“अण्णा, जनावर न्हाई ते. कंप्युटरचा माऊस हाय.”

“मग तर आणखीच बघून घ्यावं. अन् घ्यायचं कामून? हाय की एक तुझ्यापाशी.”

आदिनाथने कपाळाला हात लावला. एक होता, हीच तर सगळी अडचण होती. त्या एकाला दोनच बटणं होती, आणि आदिनाथला बारा हवी होती. अहमदपूरच्या एका कॉलेजात तो प्रयोगशाळा सहायक होता. तिथे त्याला कोणी हाक मारत नसे, मारली तरी बल्ब गेला म्हणून. घरात अण्णांपुढे त्याचं काही चालत नसे. पण संध्याकाळी कानाला हेडफोन लावून तो ऑनलाइन लढाईत उतरला, की चार माणसं एकदम ‘वैद्यबुवा, वैद्यबुवा’ करून ओरडत. पाच जणांच्या त्या टोळीत चौघं तलवारी चालवायचे आणि आदिनाथ त्यांना मलमपट्टी करायचा. अख्ख्या जगात त्याची कुठे गरज असेल तर ती तिथे होती.

पण मलमं डझनभर आणि बटणं दोन. योग्य औषध शोधता शोधता रोगी दगावत. टोळीची म्होरकी दामिनी ही धर्माबादची, मिरचीच्या आडत दुकानात बसणारी, आणि जिभेलाही तोच गुण. तिने स्पष्ट सांगून टाकलं होतं, “रविवारी निवड फेरी हाय. बाजूला बारा बटणं असलेला माऊस घे, एकेका बटणावर एकेक औषध लाव. न्हाई जमलं तर तुझ्या जागी राखीव बसलेला मल्लेश. मला मयती उचलायचा कट्टाळा आलाय.”

हे सगळं बापाला सांगण्यात अर्थ नव्हता. “कामाला लागतो,” एवढंच आदिनाथ म्हणाला.

“मग उद्या लातूरला जाऊ,” शेषेराव म्हणाले. “मी येतो संगं.”

शेषेरावांना पंचक्रोशीत मान होता तो जनावराच्या पारखीमुळे. हाळीच्या बैलबाजारात त्यांनी बोट ठेवलेला बैल ऐन कामात कधी बसला नाही. पुढे त्यांनी ट्रॅक्टर घेतला तोही चारी बाजूंनी फिरून, चाकावर थाप मारून, आणि जावई निवडला तोही थोडंफार तसाच. दोन्ही चांगले निघाले, त्यामुळे त्यांना समजावणं आता कोणाच्या बापाला शक्य नव्हतं, आणि आदिनाथचे बाप तर तेच होते.

लातूरच्या दुकानात गल्ल्यावर आरती नावाची तरुण बाई होती. तिने बारा बटणांचा माऊस काचेवर ठेवला. शेषेरावांनी तो उचलला, तळहातावर तोलला, शेपटीसारखी वायर ओढून पाहिली, आणि अंगठ्याने बाजूची बटणं मोजायला लागले. बाराव्यावर पोचल्यावर त्यांचा चेहरा उतरला.

“हे काय दाखवून राहिलीस, बाई? आठ दात झाले की जनावर जुळलं, म्हातारपणाला लागलं म्हणतेत. हे बारा दाती हाय. याला घरी नेऊन दावणीला बसवून खाऊ घालू का?”

“काका, बटणं हायत ती,” आरती म्हणाली. “जेवढी जास्त तेवढा माऊस भारी.”

“दोन दाती दाखव.”

आरतीने साधा माऊस दाखवला. शेषेरावांचे डोळे निवले. “हे बघ आदिनाथ. दोन दाती. ऐन उमेदीचं. अंगानं बी सुटसुटीत.”

“अण्णा, असलाच हाय माझ्यापाशी,” आदिनाथ रडकुंडीला येऊन म्हणाला. “बटणं म्हणजे दात नव्हं. बटणं म्हणजे… आचळं समजा. जेवढी जास्त तेवढं दूध.”

म्हणायला नको होतं, पण जीभ घसरली. शेषेरावांनी बारा बटणांच्या माऊसकडे दयेने पाहिलं.

“म्हशीला पाचवं आचळ असलं तर माणूस फुकट घेत न्हाई. अन् हिला बारा?”

तोवर तीन गिऱ्हाइकं जमली होती. त्यातल्या एकाने चारावर समझोता करा असं सुचवलं. शेवटी आरतीनेच जादू केली. ती हळूच म्हणाली, “काका, वर्षाची गॅरंटी हाय. बसलं तर बदलून देईन.” बसलेलं जनावर बदलून देणारा दलाल शेषेरावांना उभ्या जन्मात भेटला नव्हता. ते एकदम विरघळले. आदिनाथला वाटलं, सुटलो.

पण सौदा राहिला होता. शेषेरावांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, हातावर पसरलं आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की समोर बाई आहे. बैलाचा भाव उपरण्याखाली बोटं धरून ठरतो, चारचौघांत तोंडाने बोलत नाहीत. आणि परक्या बाईचं बोट धरायचं तरी कसं?

“मालकाला बोलीव.”

“मीच मालक हाय, काका. अन् किंमत डब्यावर छापलेली हाय.”

“छापलेल्या भावानं घेणारा माणूस घरी तोंड कसं दाखवंल? तुझ्या वतीनं कुणी गडीमाणूस दे.”

आरतीला मागे गर्दी दिसत होती. तिने आदिनाथकडे बोट केलं. “हेच करतील माझ्या वतीनं.”

तर अशा रीतीने आदिनाथचा हात उपरण्याखाली गेला आणि तो आपल्याच बापाशी, आपल्याच माऊससाठी, दुकानाच्या बाजूने भाव करायला उभा राहिला. बापाने एक बोट दाबलं. आदिनाथला त्या बोटांची भाषा कधी कोणी शिकवली नव्हती, तो शाळेत गेला होता. लवकर संपावं म्हणून त्याने बापाचा सगळा पंजाच घट्ट धरला.

शेषेराव दचकले. “एवढं? अरं लेका, तू कुणाच्या बाजूनं हायस?”

“सध्या आरतीताईच्या, अण्णा.”

शेषेरावांच्या डोळ्यांत पहिल्यांदाच पोराबद्दल आदर दिसला. मग उपरण्याखाली बरीच धरपकड झाली. शेषेरावांना घाम आला, आदिनाथची करंगळी आखडली, आणि शेवटी शेषेरावांनी “झाला सौदा” म्हणून उपरणं झटकलं. त्यांनी आकडा सांगितल्यावर आरतीने डबा उलटा करून पाहिला.

“काका, डब्यावर याच्यापेक्षा कमी किंमत हाय.”

शेषेराव डब्याकडे बघत राहिले, मग पोराकडे. “उपरण्याखालचा शब्द फिरत नसतो,” ते खोल आवाजात म्हणाले आणि त्यांनी जास्तीचे पैसे मोजून दिले. आरतीने नको नको म्हणत घेतले आणि लाजून वर माऊसखाली घालायची एक रबरी चटई फुकट दिली.

रविवारी सकाळी आदिनाथला कॉलेजात परीक्षेच्या कामाला जावं लागलं. माऊस घरी राहिला, आणि इथेच घात झाला. घरात नवं जनावर आलं तर त्याच्या पायावर पाणी घालून, हळदकुंकू लावून, भाकरतुकडा ओवाळून टाकतात. शेषेराव आणतात ते जनावरच असतं, अशी आदिनाथच्या आईची, लक्ष्मीबाईंची, तीस वर्षांची समजूत. त्यांनी ताम्हणात माऊस घेतला.

“पाय कुठं हायत हो याचे?”

शेषेरावांनी माऊस उलटा केला. खाली काळ्या गुळगुळीत चार पट्ट्या होत्या. “हे काय.”

लक्ष्मीबाईंनी चारी पायांवर भक्तिभावाने पाणी घातलं. मधल्या भोकात डोळा असावा असं वाटल्याने त्यावर बोटभर हळद दाबली, कुंकू लावलं, अक्षता टाकल्या. त्यांच्या हाताला कंजूषपणा ठाऊकच नव्हता.

आदिनाथ धावतपळत घरी आला तेव्हा निवड फेरी सुरू व्हायच्या बेतात होती. माऊस ताम्हणात हळदकुंकवाने माखून पडला होता. त्याने तो धोतराच्या फडक्याने पुसला, फुंकला, आपटला, आणि देवाचं नाव घेऊन जोडला. नवं जनावर कसं चालतं ते बघायला शेषेराव शेजारी स्टूल घेऊन बसले.

जनावर चाललं नाही. पडद्यावरचा वैद्य मान वर करून आभाळाकडे बघू लागला आणि स्वतःभोवती गिरक्या घेऊ लागला. हळदीने माऊसचा डोळा गेला होता. त्यातून अक्षतांचा एक दाणा बाजूच्या बटणात अडकून ते दाबूनच बसला होता, आणि नेमक्या त्याच बटणावर आदिनाथने आदल्या रात्री हौसेने नमस्कार लावून ठेवला होता.

“आदिनाथ, मलम लाव, मी मरून राहिले,” हेडफोनमधून दामिनी ओरडली.

“लावतो, लावतो.”

“तू दुश्मनाला नमस्कार कामून घालून राहिलास?”

“माझ्या हातात न्हाई ते.”

“मग कुणाच्या हातात हाय?”

या प्रश्नाला घरात बरीच उत्तरं होती, पण सांगायला वेळ मिळाला नाही. वैद्य वाकला असतानाच कोणीतरी त्याची मान उडवली. आदिनाथने हेडफोन काढून टेबलावर टाकला आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. सगळं संपलं होतं. आता कोणी वैद्यबुवा म्हणून हाक मारणार नव्हतं. त्याला रडूच आलं, आणि चोवीस वर्षांच्या माणसाने बापादेखत रडू नये म्हणून त्याने तोंड भिंतीकडे केलं.

त्या खेळात मेलेल्याला वरून सगळं मैदान दिसतं आणि जिवंतांशी बोलताही येतं. नियमच तसा आहे. शेषेरावांनी पडद्यावर ते मैदान पाहिलं. उभी हयात त्यांनी शेतातल्या माळ्यावर बसून पिकातली रानडुकरं हाकलण्यात घालवली होती. हेडफोनमधून बारीक आवाजात एक पोर एकटी किंचाळताना ऐकू येत होती. त्यांनी टोपी काढली आणि हेडफोन डोक्यावर चढवला.

“ए पोरी, कडब्याच्या गंजीमागं एक डुक्कर बसलंय बघ.”

तिथे गंज नव्हती, बुरूज होता. पण आडतीवर बसत असली तरी दामिनी शेतकऱ्याचीच लेक होती. ती वळली आणि तिने तलवार चालवली.

“आता दोन उगवतीकडून येऊन राहिलेत. तू दम धर. त्या लाल पागोट्यावाल्याला आडवं जाऊ दे. हां, आता घाल.”

शेषेरावांचा आवाज चार शेतं ओलांडून जाणारा. लक्ष्मीबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या, शेजारच्या सरजाबाई खिडकीत येऊन उभ्या राहिल्या. आदिनाथने भिंतीकडून तोंड वळवलं, तेव्हा पडद्यावर विजयाची अक्षरं झळकत होती आणि त्याचा बाप हेडफोनमधल्या पोरीला ऊन असलं तर डोक्याला रुमाल बांधत जा म्हणून सांगत होता.

“आदिनाथ हाय का तिथं?” थोड्या वेळाने दामिनीने विचारलं. शेषेरावांनी हेडफोन पोराच्या कानाला लावला.

“हाय.”

“आपण पुढच्या फेरीत गेलोत. तुझ्या जागी मल्लेश खेळंल. वाईट वाटून घेऊ नको.”

“बरं.”

“अन् काकांना सांग, रविवारी वेळेवर बसा म्हणावं. न्हाई, थांब. त्यांनाच दे, मीच सांगते.”

आदिनाथ खुर्चीवरून उठला. शेषेराव तिथे बसले, पाय वर घेऊन मांडी घातली आणि बराच वेळ हूं हूं करत राहिले. मग पोराच्या पडलेल्या चेहऱ्याकडे त्यांचं लक्ष गेलं. ते हेडफोनमध्ये दामिनीशी पुटपुटत काहीतरी बोलले, काहीतरी ऐकलं, आणि हेडफोन उतरवला.

“इतकं तोंड पाडून घेऊ नको,” ते म्हणाले. “मी शब्द टाकलाय तुझ्यासाठी. मल्लेशला एखाद्या रविवारी ताप आला, तर तुला घेते म्हणलीय.”