गुप्त आरमार आणि जावयाचा फोटो

गुपित जितकं मोठं, तितकी ते लपवायला जागा जास्त लागते. एवढ्या एका तत्त्वावर देशाचं गुप्त अंतराळ आरमार नाशिक जिल्ह्यात आणण्यात आलं. दुसरं कारण असं की इकडे कांदाचाळी पुष्कळ. लांबलचक, फटीफटीच्या भिंतींची चाळ वरून पाहिली तर तिच्यात उन्हाळ कांदा भरलाय की अंतराळयान, हे शत्रूच्या उपग्रहाला सांगता येत नाही. (आतून पाहिली तरी पटकन सांगता येत नाही. मागे एक व्यापारी चाळीत डोकावून यानाला बोली लावून गेला होता. भाव पडलेले असल्यामुळे सौदा झाला नाही.)

मी या आरमाराचा जनसंपर्क अधिकारी आहे. गुप्त संस्थेला जनसंपर्क अधिकारी कशाला, असं काही लोक खोचकपणे विचारतात. पद मंजूर होतं, म्हणून. माझं कार्यालय सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत आहे आणि दारावर पाटी आहे ‘प्लास्टिक क्रेट विभाग’. लोक क्रेट मागायला येतात. मी ‘संपले’ म्हणतो. ते चिडून जातात, पण संशय कोणालाच येत नाही, कारण सरकारी विभागाकडून त्यांची तेवढीच अपेक्षा असते.

आरमाराचं कार्यक्षेत्र म्हणजे मंगळाच्या पलीकडचा दगडधोंड्यांचा पट्टा. आम्ही त्याला पैलपट्टा म्हणतो. तिथे कायदा म्हणून काही नाही. यानं समोरून उलट्या दिशेने येतात. वळायचं असेल तर दिवा न दाखवता फक्त वळतात. दुसऱ्याच्या कक्षेत यान लावून ‘आलोच पाच मिनिटांत’ म्हणून गेलेला माणूस दोन दोन वर्षं येत नाही. बऱ्या आकाराचा दगड दिसला की कोणीतरी त्याच्यावर चुन्याची फक्की ओढून प्लॉट पाडलेले असतात आणि ‘मंगळापासून दहा मिनिटांवर’ असा बोर्ड असतो. अन्य राज्यांतून निवडलेले चालक पहिल्याच फेरीत पांढरेफटक होऊन परतले. आमच्या नाशिकच्या मुलांना मात्र तिथे पोचल्याबरोबर मोकळं वाटलं. त्यांच्यातल्या शंभरांपैकी त्र्याण्णव जणांनी ‘परिस्थिती आपल्याकडच्यापेक्षा बरी’ असा अभिप्राय नोंदवला. (उरलेले सात यान चालवताना फोनवर बोलत होते.)

या पट्ट्यावर चाच्यांचं राज्य आहे. ते मालवाहू यानं अडवतात आणि वर्गणी घेतात. त्यांचा म्होरक्या रुद्रभाऊ. शहराच्या आजूबाजूचे प्लॉट संपले तेव्हा हा दूरदृष्टीचा माणूस वर गेला. गडी स्वभावाने चांगला, शब्दाला पक्का. त्याचा बंदोबस्त करण्यासाठीच आरमाराची स्थापना झाली, पण तो अद्याप झालेला नाही. रुद्रभाऊ निफाडचे जावई पडतात आणि आरमारात निम्मे लोक निफाडचे आहेत. जावयाला हात लावायचा म्हणजे सगळ्या गावाला तोंड द्यावं लागतं.

यंदाच्या अधिक महिन्यात आरमाराच्या प्रमुखपदी उज्वला वडघुले हिची नेमणूक झाली. हीही निफाडचीच. कमी बोलणारी, कामाला वाघ. वादळात यान बंद पडलं तर आधी माणसं मोजणारी आणि मग नुकसान. मला तिच्याबद्दल फार आदर आहे आणि तो लपवायचं कारण मला दिसत नाही. नेमणुकीच्या हुकमावर ‘अतिगोपनीय’ असा शिक्का होता. उज्वलाने तो हुकूम फक्त आईला दाखवला, कारण आईच्या पाया पडल्याशिवाय पदभार घेणं बरं दिसत नाही. आई म्हणजे धोंडाबाई. त्यांनी तो फक्त आपल्या दिरांना, पुंजाआप्पांना, सांगितला आणि अट घातली की ‘आप्पा, कोणाला सांगायचं नाय.’

पुंजाआप्पांनी अट पाळली. कोणालाही सांगितलं नाही. चौफुलीवर फलक लावला.

फलक बारा बाय आठचा होता. मजकूर असा: ‘निफाडची वाघीण उज्वलाताई वडघुले यांची गुप्त अंतराळ आरमाराच्या प्रमुखपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन! (कृपया वाच्यता करू नये.)’ मधोमध उज्वलाचा फोटो. गणवेश गुप्त असल्यामुळे चुलत बहिणीच्या हळदीतला घेतला होता. तिच्या शेजारी पुंजाआप्पांचा फोटो, तिच्यापेक्षा थोडा मोठा. मागे डरकाळी फोडणारा वाघ, वाघाच्या डोक्यावर दिवाळीतला बाण. खाली एक्केचाळीस शुभेच्छुकांची मुंडकी, मानाच्या क्रमाने, दूधवाल्यापासून पिठाच्या गिरणीवाल्यापर्यंत.

मी लगेच सिन्नरहून धावलो. जनसंपर्क अधिकारी या नात्याने मला या फलकाची माहिती असायला हवी होती. चौफुलीवर पोचून मी अर्धा तास लोकांचे चेहरे पाहिले. ट्रॅक्टर थांबत होते, एसटी थांबत होत्या, खिडकीतून माना बाहेर येत होत्या. सगळे खालची मुंडकी बघत होते. काही हसत होते, काही नाकं मुरडत होते. वरच्या ओळीवर एकाचीही नजर गेली नाही. मी निर्धास्त होऊन परत आलो.

पण एक चूक राहून गेली होती. फलकावर एक्केचाळीस शुभेच्छुक होते आणि त्यांत जावई नव्हते. पुंजाआप्पांची मुलगी निकिता, तिचे यजमान रुद्रभाऊ. मुद्दाम कोणी वगळलं नव्हतं. घरचंच माणूस, ते आहेतच असं सगळ्यांनी गृहीत धरलं, आणि ज्याला सगळे गृहीत धरतात त्याचा फोटो द्यायचं काम कोणाकडेच नसतं. त्यातून अधिक महिना. या महिन्यात सासुरवाडीने जावयाला बोलवायचं, अनारशांनी भरलेलं ताट द्यायचं, मान करायचा. आणि इथे भर चौफुलीवर मान कापलेला.

गावातल्या कोण्या भल्या माणसाने फलकाचा फोटो काढून पैलपट्ट्यावर पाठवला. सोबत लिहिलं, ‘भाऊ, तुमचा फोटो दिसला नाही?’

त्या दिवशी उज्वला ‘चाळ नंबर चार’ नावाच्या यानातून अकरा जणांसह गस्तीवर होती. रुद्रभाऊंच्या यानांनी तिला चारही बाजूंनी घेरलं. त्यांचं बोलणं आम्हाला सिन्नरच्या कार्यालयात अर्ध्या तासाने ऐकू आलं, कारण पट्ट्यावरून आवाज यायला तेवढा वेळ लागतो.

“ताई, तुमच्याशी आपलं काहीच नाही,” रुद्रभाऊ म्हणाले. “पण फलकावर गिरणीवाला हे, दूधवाला हे, ज्याने कधी कोणाला चहा नाही पाजला तो बी हे. आपण काय मेलो का?”

“दाजी, राहून गेलं असेल. आत माझी अकरा माणसं आहेत. हवा उद्या दुपारपर्यंतच पुरेल.”

“मग आप्पांना सांगा की. फलक बदलला की रस्ता मोकळा. तोवर आपण रुसलेलो हे.”

आमच्या गुप्त अभिलेखात याची नोंद ‘शत्रूने केलेली नाकेबंदी’ अशी आहे. गावात तिला ‘जावई रुसले’ म्हणतात. दोन्ही बरोबर आहेत, पण उपाय फक्त दुसऱ्यावर आहे.

नियमाप्रमाणे मी आधी मुख्य कार्यालयाला कळवलं. उत्तर तत्परतेने आलं: असं कोणतंही आरमार अस्तित्वात नसल्यामुळे त्याच्या सुटकेसाठी तरतूद करता येत नाही. मग मी पुंजाआप्पांना फोन लावला. ते म्हणाले, “आरं द्येवा. पोरीच्या जिवावर आलं की रं!” आणि आम्ही दोघं सकाळी दुकान उघडायच्या आत फलकवाल्याच्या दारात उभे राहिलो.

फलकवाल्याने संगणकावर जुना फलक उघडला आणि म्हणाला, “जागा नाय. एक काढा नायतर एक बारीक करा.”

ही बातमी गावात कशी पसरली ठाऊक नाही (गुपित असतं तर उशिरा पसरली असती), पण थोड्याच वेळात एक्केचाळीस शुभेच्छुक दुकानात हजर होते. मी त्यांना परिस्थिती समजावली. वर बारा जीव आहेत, दुपारी हवा संपेल, कोणीतरी बोटभर जागा द्यावी. सगळ्यांचे डोळे पाणावले. दूधवाला म्हणाला, उज्वला मला मुलीसारखी आहे, पण माझ्या खालच्या ओळीत आमचे व्याही आहेत, त्यांच्या बरोबरीला आलो तर सोयरीक मोडेल. गिरणीवाला म्हणाला, मी आधीच कोपऱ्यात आहे, आणखी बारीक केलं तर डाग समजून पुसतील. एकाने वाघ काढा असं सुचवलं. त्यावर तरुण मंडळाने वाघाला हात लावला तर रास्ता रोको करू असं सांगितलं. उज्वलाचाच फोटो काढावा अशीही एक सूचना आली. ती गंभीरपणे विचारात घेतली गेली, हे मी स्वतः पाहिलं आहे.

घड्याळ पुढे सरकत होतं. मला त्या सगळ्यांचा राग आला होता. वर त्या मुलांची हवा विरळ होत चालली असेल आणि इथे हे लोक स्वतःच्या मुंडक्याला मिठी मारून बसलेत, असं मला ओरडून सांगायचं होतं. पण मी जनसंपर्क अधिकारी आहे. मी चहा मागवला.

तेव्हा पुंजाआप्पांनी डोक्यावरची टोपी काढली, मांडीवर ठेवली आणि म्हणाले, “माझा करा बारीक.”

फलकवाल्याचा हात तसाच राहिला. “आप्पा, किती बारीक?”

“गिरणीवाल्यायेवढा.” आप्पांनी मांडीवरची टोपी सरळ केली. “पोरगी वर अडकली. माझं थोबाड काय, रोजच बघत्यात लोकं.”

निफाड तालुक्यात माणसांनी जमिनी सोडल्या आहेत, खुर्च्या सोडल्या आहेत, एकाने तर चालू द्राक्षबाग भावाला देऊन टाकली. पण फलकावरचा मोठा फोटो आपण होऊन बारीक करून घेणारा माणूस तोवर झाला नव्हता. मला भरून आलं. गिरणीवाल्याच्याही डोळ्यांत पाणी आलं, अर्थात ते बरोबरीला आल्याच्या आनंदाचं असावं.

आप्पांच्या जागी रुद्रभाऊ आले. काळा गॉगल, कानाला फोन, नजर क्षितिजाकडे. खाली ‘आमचे आधारस्तंभ’ असं लिहिलं. फलक टांगला, नारळ फोडला, फोटो काढला आणि पट्ट्याकडे रवाना केला. मग अर्धा तास जाण्याचा, अर्धा तास येण्याचा. पुंजाआप्पा माझ्या कार्यालयात क्रेटच्या पाटीखाली बसून राहिले. धोंडाबाईही आल्या होत्या. त्या पदराचं टोक पिळत होत्या.

दुपार व्हायला आली तेव्हा बिनतारी यंत्र खरखरलं.

“गॉगल झकास आलाय,” रुद्रभाऊंचा आवाज आला. “आप्पा मात्र लय बारीक झाले. तब्येत बरी हे ना त्यांची? बरं ताई, या तुम्ही. अन् हवेच्या दोन टाक्या घेऊन जा आपल्याकडच्या. रिकाम्या हाताने पाठवलं तर निकिता घरात घ्यायची नाय.”

“घेते दाजी.”

“एक राहिलंच. ते अभिनंदन कशाचं होतं? वाढदिवस का तुमचा?”



“हो दाजी,” उज्वला म्हणाली. “वाढदिवस.”

“मग शंभर वर्षं जगा!”

धोंडाबाईंनी पदर सोडला आणि पहिल्यांदाच हसल्या. पुंजाआप्पांनी टोपी घातली आणि क्रेट मिळतील का म्हणून मला विचारलं. मी ‘संपले’ म्हणालो.

त्यानंतर पैलपट्ट्यावर कायदा आला नाही, पण फलक आले. प्रत्येक बऱ्या दगडावर आता एक आहे. ज्याच्या फलकावर आपला फोटो आहे त्याला लुटणं बरं दिसत नाही, त्यामुळे लूटमार साठ टक्क्यांनी घटली आहे. उरलेली चाळीस टक्के ज्यांचे फोटो राहून गेले त्यांच्याकडून होते. आरमाराचं मुख्य काम आता फोटो गोळा करणं हे आहे आणि उज्वला ते चोख करते.

मुख्य कार्यालयात मात्र कोणीतरी कुजबुजलं की निफाडला गुप्तता फुटली. ते खरं ठरलं असतं तर उज्वलाची नेमणूक रद्द झाली असती आणि आरमार दुसऱ्या राज्यात गेलं असतं. एक वरिष्ठ साहेब चौकशीला आले. शिकलेले, मराठी, चष्म्याचा नंबर ताजा. मी त्यांना चौफुलीवर फलकाच्या बरोबर खाली बसवून चहा दिला. दुसरीकडे सावली नव्हती. साहेबांनी मान वर केली आणि बराच वेळ पाहिलं. मी आणखी एक चहा मागवला.

“आमच्या आडनावाचं कोणी दिसत नाही इकडे,” ते म्हणाले आणि बशी खाली ठेवली. त्यांच्या अहवालात शेरा आहे: गुप्तता पूर्णपणे अबाधित.

फलक अजून तिथेच आहे. नाशिकहून येवल्याकडे जाताना तुम्हीही त्याच्याखालून गेला असाल. थांबलात, सगळी मुंडकी एकदा नजरेखालून घातलीत, आपलं कोणी नाही असं पाहिलंत, ‘काय उद्योग नाहीत लोकांना’ म्हणालात आणि पुढे गेलात. आरमार तुमचं ऋणी आहे.

मी त्या रस्त्याने कधी गेलोच नाही, असं तुमच्यापैकी कोणी म्हणेल. हरकत नाही. इथवर वाचताना आपलं गाव, आपलं आडनाव कुठे येतं का, ते तुम्ही बघत होतातच. नाही आलं, म्हणून जरा रुसलाही असाल. तेव्हा मी आता निश्चिंत आहे. मजकूर तुम्ही वाचलेला नाही.