काठ वाकत नसेल तर

नदी आणि गाव यांच्यात येणंजाणं असावं, हे शास्त्रालाही मान्य आहे आणि व्यवहारालाही. महाडात ते पूर्वापार आहे. गाव नदीकडे रोज थोडं थोडं जायचं; कपडे घेऊन, घागर घेऊन, कधी नुसतंच पाय सोडून बसायला. नदी गावाकडे चार-सहा वर्षांनी एकदा यायची, पण आली की सगळ्यांच्या घरी जायची. कुणाला वगळलं असा आरोप तिच्यावर कधी झाला नाही. (गावावर झालेला आहे.)

नुरजहाँचं, म्हणजे मोहल्ल्याच्या नुरआपाचं, घर सावित्रीच्या अगदी काठाला. पुढचं दार बाजाराच्या वाटेवर, मागचं दार पायऱ्यांवर. काळ्या दगडाच्या त्या पायऱ्या थेट पाण्यात उतरत. तिच्या लहानपणी भरतीबरोबर खाडीवरच्या तुडीलकडून होड्या वर येत, कौलं आणि सुकट उतरवीत, आणि तिचा बाप पायरीवर उभा राहून होडीवाल्यांशी अशा आवाजात घासाघीस करी की सुकटीचा भाव अख्ख्या बाजाराला घरबसल्या कळे. पुढे होड्या थांबल्या, बाप गेला, नवरा गेला, मुलगा जुनैद बायकोला घेऊन कुवेतला गेला. पायऱ्या तेवढ्या राहिल्या. संध्याकाळी नमाज झाली की नुरआपा चहाची कपबशी घेऊन पायरीवर बसे आणि बौद्धवाडीतली निवृत्त शिक्षिका ललिता येऊन तिच्या शेजारी टेके. दोघी नदीकडे तोंड करून आपापल्या सुनांविषयी बोलत. इतक्या वर्षांत नदीने चहाडी केली नाही.

मग तो मोठा पूर येऊन गेला आणि त्याच्या पाठोपाठ वरून एक योजना आली. (पाणी आणि योजना दोन्ही वरूनच येतात. पाणी आधी पोचतं.)

योजनेचा कागद इंग्रजीत होता. त्यात म्हटलं होतं, की हवामान बदलत चाललं असल्यामुळे शहरांचे नदीकाठ दोन गुणांनी युक्त असावेत. पहिला गुण, म्हाताऱ्याकोताऱ्यांना आणि अपंगांनाही पाण्यापर्यंत सहज जाता यावं. दुसऱ्या गुणाचा शब्द अवघड होता: 'रेझिलियंट'. समितीचे सचिव सुहासराव मराठीचे अभिमानी. त्यांनी शब्दकोश उघडला. तिथे 'तग धरणारा', 'पुन्हा उभा राहणारा' धरून तीन-चार अर्थ दिले होते, त्यांतला पहिला घेण्याचा प्रघात असल्याने त्यांनी पहिला घेतला. तो होता 'लवचिक'. अशा रीतीने 'सुगम व लवचिक नदीकाठ समिती' अस्तित्वात आली, आणि काठ लवचिक म्हणजे नेमका कसा, हे ठरवायला तिची पहिली सभा भरली.

एका सदस्याने रबर सुचवलं. दुसऱ्याने बांबू सुचवला, कारण त्याच्या मेहुण्याचं बांबूचं बेट होतं. शेवटी ठेकेदाराला विचारण्यात आलं. तो म्हणाला, "सिमेंट वाकत नाय, साहेब. माझं तर आजवर कधीच वाकलेलं नाय. सरळ तुटतं." या प्रांजळ माहितीबद्दल त्याचे आभार मानण्यात आले. मग एका ज्येष्ठ सदस्याने प्रश्नाच्या मुळाला हात घातला. योजनेचा हेतू काय, तर काठ आणि माणूस यांचं जमावं. एकाने वाकलं तरी जमतं. काठ वाकवायचं तंत्र आपल्याकडे नाही. माणसं वाकवण्याचा अनुभव मात्र जुना आहे. तेव्हा ठराव झाला: 'काठ लवचिक करणे तांत्रिकदृष्ट्या शक्य नसल्याने काठावरील रहिवासी लवचिक करण्यात यावेत.' ठराव एकमताने मंजूर झाला. (सभेला काठावरचं कुणी नव्हतं, त्यामुळे एकमताला बाधा आली नाही.)

पहिल्यांदा सुगमतेचं काम हाती घेतलं, कारण ते सिमेंटात होण्यासारखं होतं. म्हाताऱ्या माणसाचा सर्वांत मोठा शत्रू पायरी, असं अभ्यासात आढळलं होतं. सुरुवात नुरआपाच्या पायऱ्यांपासून झाली. पहार लागली तशी ती मागच्या दारात येऊन उभी राहिली.

"अरे मेल्यांनो, या पायऱ्यांवरच तर मी म्हातारी झाले! आता त्या माझ्या दुश्मन कशा झाल्या?"

"आपा, हे सगळं तुमच्यासाठीच चाललंय," सुहासराव हात जोडून म्हणाले. "तुमचे गुडघे..."

"माझे गुडघे मी बघीन. तू तुझी पहार बघ."

पण लोकहिताचं काम लाभार्थ्याच्या विरोधामुळे थांबलं, असं कुठे घडलेलं नाही. पायऱ्या गेल्या आणि त्यांच्या जागी उतरण बांधायला घेतली. नियम असा, की उतार इतका मंद हवा की व्हीलचेअर बोटाने ढकलली तरी चालावी. काठ उंच, पाणी खोल; त्यामुळे उतरण काठाकाठाने लांबवर गेली, वळली, परत आली, पुन्हा वळली, आणि जागा संपली तेव्हा ती पाण्याच्या दोन पुरुष वर होती. तिथे ठेकेदाराने छानसा कठडा बसवला. पुढच्या अंतराची नोंद अहवालात 'नैसर्गिक' अशी आहे. वरच्या तोंडाला फाटक बसलं. पावसाळ्यात पाणी फार म्हणून ते बंद, उन्हाळ्यात पाणी नाही म्हणून बंद, आणि हिवाळ्यात पाहणीला साहेब येतात तेव्हा उघडं. शेजारी पाटी लागली: 'परवानगीशिवाय पाण्याजवळ जाण्यास सक्त मनाई.'

ललिता त्या संध्याकाळी पाटीसमोर बराच वेळ उभी राहिली. तिचा आजा याच गावात तळ्यावर ओंजळभर पाणी प्यायला गेला होता आणि डोक्यात काठी खाऊन घरी आला होता. ही गोष्ट तिने शाळेतल्या पोरांना इतक्यांदा सांगितली होती, की तिच्या मते ती आता संपली होती.

"काय लिवलंय गो?" नुरआपाने विचारलं.

"पाण्याजवळ जायला परवानगी लागेल म्हणे."

"महाडात?"

"महाडात."

ललिताला असं हसू फुटलं की तिला फाटकाचा आधार घ्यावा लागला. फाटकाचा त्यानंतरही फारसा कुणाला उपयोग झालेला नाही.

आता उरली लवचिकता. काठावरच्या प्रत्येक घरातल्या प्रमुखाची चाचणी घेण्याचं ठरलं. जे उत्तीर्ण होतील त्यांना 'लवचिक रहिवासी' असा दाखला मिळून ते काठावरच राहतील. जे अनुत्तीर्ण होतील ते 'अलवचिक' ठरून बिरवाडीच्या पुढे एका माळावर बांधलेल्या खोल्यांत जातील, आणि त्यांच्या घरांच्या जागी नदी बघायला बाग होईल. माळाची जागा तज्ज्ञांनी निवडली होती. तिथे विहीर नाही, नळ नाही, ओढा नाही. त्यामुळे पुराचा धोका शून्य टक्के. मागच्या पुरात चिखलात घसरून पडल्यापासून नुरआपाचा उजवा गुडघा वाकत नव्हता. ती नमाजही खुर्चीत बसून पढे. घर जाणार हे तिला तेव्हाच दिसलं.

"तालीम करू," ललिता म्हणाली. तिने शाळेत पस्तीस वर्षं कवायत घेतली होती आणि तिच्या मते न वाकणारं मूल जगात नव्हतं. "आपा, अंगठा धर. पायाचा, पायाचा!"

"धरते ना. तो हिकडं आला तर धरते."

"श्वास सोड आणि खाली वाक."

"सोडला. आता परत घेऊ का जाऊ अशीच?"

"तू मनावरच घेत नाहीस."

"मास्तरीणबाई, मन वाकलंय कवाच. गुडघ्याला सांग."

चाचणी शाळेच्या सभागृहात झाली. पुण्याहून साक्षीमॅडम नावाच्या प्रशिक्षक आल्या होत्या. मुलगी गोड होती आणि तिने नदी चित्रात पाहिलेली होती. चाचणीचे भाग असे: ओणवं होऊन अंगठे धरणे, भरलेला पिठाचा डबा घेऊन शिडी चढणे, आणि 'घरात पाणी शिरले' अशी सूचना मिळताच चेहरा हसतमुख ठेवणे. मोहल्ल्यातले आणि वाडीतले निम्मे लोक तिसऱ्या भागात नापास झाले. नुरआपा तिन्ही भागांत नापास झाली. तिसऱ्याला तर तिने साक्षीमॅडमना विचारलं, "बाय माझे, तुझ्या घरात कदी शिरलंय का?" हे उत्तर अभ्यासक्रमाबाहेरचं धरण्यात आलं. पावसाळा संपताच घर रिकामं करावं, अशी नोटीस तिच्या दाराला लागली. तिने ती काढली नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला ती म्हणे, "वाचा, माझ्या बापाच्या घराला आता शिकलेली पाटी आलीय."

जुलैच्या अखेरीस एका दुपारी नदीच्या वरच्या अंगाच्या पोलादपूरहून तिच्या भाचीचा, तसनीमचा फोन आला. "खाला, हिकडं नदी लाल झालीय. झाडं वाहून चाललीत. वर चढ." नुरआपा शांतपणे उठली. तिचा हिशोब पायऱ्यांचा होता. पाणी पायरीपायरीने चढायचं, प्रत्येक पायरीवर जरा दम खायचं, तेवढ्यात पीठ, तांदूळ, कुराण शरीफ आणि जुनैदचे फोटो माळ्यावर जायचे. पण आता पायऱ्या नव्हत्या. व्हीलचेअरला जे सोपं ते पाण्यालाही सोपं, हा निसर्गनियम आहे. नदी उतरणीच्या वळणावळणाने, कुठेही न अडखळता, न दमता वर आली, फाटकाखालून आत शिरली आणि आपाच्या मागच्या दारातून थेट चुलीपाशी गेली. उतरण पूर्ण झाल्यापासून तिचा पुरता वापर करणारी ती पहिलीच. समितीच्या अहवालात 'काठ आणि पाणी यांतील उर्वरित अंतर यशस्वीरीत्या पार' असं वाक्य आहे, ते याच दुपारचं.

पीठ गेलं. तांदूळ गेले. कुराण शरीफ आपाच्या छातीशी होतं आणि फोटो ललिताच्या पदरात. ललिता कमरेएवढ्या पाण्यातून आली होती. तिने आणि शेजारच्या दोन पोरांनी मिळून आपाला शिडीवरून माळ्यावर अक्षरशः ढकललं. तो गुडघा वर घेताना आपाने जी किंकाळी फोडली ती पाण्याच्या आवाजातही मोहल्ल्याने ऐकली.

पाणी ओसरल्यावर घरात गुडघाभर चिखल होता. नुरआपा जमिनीवर बसली, उजवा पाय काठीसारखा सरळ पुढे पसरला, आणि जेवायच्या थाळीने चिखल खरवडू लागली. कळ मस्तकात जात होती म्हणून तिने दात घट्ट आवळले होते. नेमका तेव्हा मुंबईच्या एका वर्तमानपत्राचा छायाचित्रकार दारात आला. दात आवळलेला चेहरा लांबून हसल्यासारखा दिसतो. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर तो फोटो छापून आला. खाली ओळ होती: 'पुराला हसत सामोरी जाणारी आजी. महाडकरांच्या जिद्दीला सलाम!'

महाराष्ट्रभरातून पत्रं आली. पुण्याच्या एका भगिनीमंडळाने फोटोची चौकट करून लावली. समितीपुढे पेच उभा राहिला: उभा महाराष्ट्र जिला हसतमुख म्हणतो तिला अलवचिक कसं ठरवायचं? तातडीची सभा भरली. नोटीस मागे घेण्यात आली आणि नुरजहाँ यांना 'आदर्श लवचिक नागरिक' हा किताब देण्यात आला. त्याच सभेत दुसरा ठरावही झाला. योजनेत अजून व्हायची असलेली काठाची भिंत, नदीतला गाळ उपसणं, पाणी फेकायचे पंप आणि उतरणीच्या तोंडाला झडप, ही चारही कामं अनावश्यक म्हणून रद्द झाली. रहिवासी इतके लवचिक असताना त्यांची गरज काय, असं कारण इतिवृत्तात नोंदवण्यात आलं.

सुहासराव शाल, श्रीफळ आणि दाखला घेऊन स्वतः घरी आले. नुरआपा खाटेवर होती; गुडघा भोपळ्याएवढा सुजला होता.

"घर ऱ्हायलं ना माझं?" तिने विचारलं.

"राहिलं, आपा. आता कुणी हात लावत नाही."

"आणि म्होरल्या पुराला?"

"म्होरल्या पुराला तुम्ही आहातच की!" सुहासराव मनापासून म्हणाले.

तिने शाल ललिताकडे दिली, नारळ फोडायला सांगितला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

तो फोटो कदाचित तुमच्याही पाहण्यात आला असेल. नसला आला, तरी इथवर वाचताना तुम्हाला नुरआपाचं कौतुक वाटलं असेलच. काय बाई आहे, काय ती जीभ, काय ती हिंमत! समिती आपली ऋणी आहे. आपलं कौतुक अहवालात 'लोकसहभाग' या सदरात नोंदवलं गेलं असून, पुराविरुद्ध काठावर एक दगडही न ठेवता योजना पूर्ण झाल्याचा जो दाखला वर गेला, त्यावर साक्षीदार म्हणून आपलंच नाव आहे.