वरच्या बाकावरची जागा

"आज ओव्हन लावायचा नाही, वॉशिंग मशीन लावायचं नाही, आणि सौना तर अजिबात नाही," शनिवारी सकाळी साडेआठला इल्पोनं स्वयंपाकघरात येऊन जाहीर केलं.

तुइरेचे हात पिठात होते, ते तिथंच थांबले. "शनिवारी सौना नाही? बरं वाटतंय ना तुला?"

"कंपाइलला लावलंय. आठ तास लागतील. मध्येच फ्यूज उडाला तर सगळं पहिल्यापासून."

फ्यूजचं खोटं नव्हतं. फिनलंडमधल्या ताम्पेरेतल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात सौनाची, म्हणजे वाफ घ्यायच्या खोलीतली, विजेची शेगडी आणि ओव्हन एकदम लावले, की वीज गेलीच म्हणून समजा. कंपाइलचंही खोटं नव्हतं. एका जुन्यापुराण्या बंदूकबाजीच्या व्हिडिओ गेमसाठी इल्पो स्वतः लेव्हल बनवायचा, वयाच्या बावन्नाव्या वर्षीही. भिंती, दारं, पायऱ्या मांडून झाल्या, की कुठल्या फळीवर किती उजेड पडतो याचं गणित त्याचा म्हातारा कॉम्प्युटर धापा टाकत करत बसे. ते सुटल्याशिवाय लेव्हल खेळता येत नसे.

या खेपेला लेव्हलमध्ये राक्षस नव्हते. सासूबाईंचा तळ्याकाठचा सौना होता.

वसंतात तो विकला गेला, तो इल्पोच्याच सल्ल्यानं. "आई, आता लाकडं कोण फोडणार?" असं त्यानं विचारलं होतं, आणि चुकीचं विचारलं नव्हतं. पण नव्या मालकांनी आठवड्याच्या आत सौना पाडून तिथं उन्हात पडायच्या खुर्च्या मांडल्या. तेव्हापासून औनेबाई जावयाशी थेट बोलत नव्हत्या. जे काही असेल ते लेकीमार्फत. आज त्यांना एक्क्याऐंशी पुरी होत होती, आणि त्या पाच वाजता येणार होत्या.

त्या दोनलाच आल्या. पिशवीत सौनात अंगावर झोडून घ्यायची, फ्रीजरमधली बर्चच्या डहाळ्यांची जुडी.

"लवकरची बस मिळाली. सौना तापलाय ना?"

"आई, आज जरा... इल्पोचा कॉम्प्युटर काम करतोय."

"करू दे की. मी काय त्याच्यावर पाणी ओतणारे?"

तुइरेनं फ्यूजचं सगळं समजावून सांगितलं. कशासाठी चाललंय तेवढं सांगितलं नाही. तसं वचन दिलं होतं. औनेबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"जावईबापूंना सांग, एक सौना विकला, दुसरा बंद केला. आता तिसऱ्यासाठी मी स्वीडनला जाते."

आणि कोट न काढताच त्या गार सौनात जाऊन बसल्या, जुडी मांडीवर घेऊन. दारही लावून घेतलं.

"कॉफी तरी करू?" तुइरेनं विचारलं.

इल्पोनं पडद्याकडे पाहिलं. "सत्त्याहत्तर टक्के झालंय. आत्ता नको धोका..."

"इल्पो, कॉफी नाही म्हणणाऱ्या माणसाशी मी लग्न केलेलं नाही."

कॉफी झाली. यंत्र गुरगुरत होतं तोवर दोघांनीही श्वास रोखून धरला होता.

साडेचारला बाहेर नोव्हेंबरचा मिट्ट काळोख झालेला असताना इल्पो ओरडला, "झालं! आईंना बोलाव!"

तुइरेनं आधी पाव ओव्हनमध्ये सरकवले, मग आईला आणलं. इल्पोनं बटण दाबलं. पडद्यावर एकच ओळ उमटली: खेळाडूची सुरुवातीची जागा सापडली नाही.

सात आठवडे त्यानं फळ्यांमधल्या गाठी रंगवल्या होत्या, पाणी ओतायचा वाकड्या दांड्याचा डाव कोरला होता, खिडकीच्या काचेला तडासुद्धा दिला होता. माणसानं उभं कुठं राहायचं, तेवढं ठेवायचं विसरला. ही चूक सगळे पहिल्या लेव्हलला करतात. इल्पोची ही एकेचाळिसावी होती.

"म्हणजे काय झालं?" तुइरे म्हणाली.

"सौना आहे, पण आत जायला माणसाला जागा नाही."

"मग रोजच्यासारखंच की," औनेबाई म्हणाल्या.

"परत आठ तास?" तुइरेनं विचारलं.

"नाही नाही, जागा मिनिटात ठेवता येते. पण कुठं..."

औनेबाई पडद्याजवळ आल्या. इल्पोनं काढलेल्या नकाशातला तो वाकडा डाव त्यांना दिसला. त्यांनी पडद्यावरच त्याच्या दांड्यावरून बोट फिरवलं.

"जावईबापूंना सांग," त्या हळूच म्हणाल्या, "वरच्या बाकावर. डाव्या कोपऱ्यात. मी तिथं बसायची."

इल्पोनं ठेवली. पडदा उजळला: काळवंडलेल्या फळ्या, बादली, छोटी खिडकी, खिडकीत तळं आणि तळ्यावर संध्याकाळचं ऊन. औनेबाईंनी एक बटण दाबलं, दुसरं दाबलं. काहीच हललं नाही.

इल्पोनं कपाळाला हात लावला. "अडकलात तुम्ही. या गेममधल्या माणसाला बसताच येत नाही, त्यामुळे डोकं छतात घुसलंय. नुसतं इकडंतिकडं बघता येईल. थांबा, खाली घेतो—"

"हात लावू नकोस."

सात महिन्यांनंतरचे हे पहिले थेट शब्द.

"सौनात कोण हिंडतं?" माऊस हळूहळू फिरवत त्या म्हणाल्या. नजर खिडकीवरून बादलीवर आणि बादलीवरून खालच्या बाकावर गेली. "तिथं एइनो बसायचा, तुइरेचा बाबा. वर सोसायचं नाही त्याला. म्हणायचा, खालीच हवा चांगली आहे." मग त्यांनी कोट अंगाभोवती घट्ट ओढून घेतला. "सगळं तसंच केलंयस रे, इल्पो. फक्त थंडी वाजतेय."

तुइरे याच वाक्याची सकाळपासून वाट बघत होती. ती धावत गेली आणि तिनं सौनाची शेगडी लावली.

ओव्हन चालूच होता.

टक्. पडदा गेला, दिवे गेले, कॉम्प्युटरच्या धापा थांबल्या. अंधारात अर्ध्याकच्च्या पावांचा वेलदोड्याचा वास तेवढा उरला.

"इल्पो? सगळं गेलं का रे?" तुइरेचा आवाज रडवेला झाला.

"नाही, लेव्हल जपून ठेवलीय. थांब, फ्यूज बघतो—"

"बस रे जरा," औनेबाई म्हणाल्या. "आत्ता कुठं अगदी तस्सं झालंय. तिथं वीज कुठं होती?"