सोनावणेकाका आणि वास नसलेलं पाणी

तुमच्या घरामागच्या नाल्याचं पाणी आज कोणत्या रंगाचं आहे, सांगता येईल? नाही ना? अंबरनाथच्या आमच्या सोसायटीतले सोनावणेकाका सांगतात. वर कारखान्यात काय शिजतंय तेही सांगतात. “आज लाल. कापडाचा रंग. बॅच बिघडलेली दिसते,” असं दूध आणायला जाता जाता म्हणतात. केमिकल कारखान्यात शिफ्ट ऑफिसर होते, नाक अजून ड्युटीवर आहे.

गेल्या हिवाळ्यात सोसायटीची आम्ही बारा माणसं पक्षी बघायला चांदोलीच्या राष्ट्रीय उद्यानात गेलो. तिकडे फारसं कोणी जात नाही, म्हणून काकांचाच हट्ट. जंगलात सगळ्यांच्या दुर्बिणी वर आणि काका ओढ्यावर ओणवे.

वाटाड्या कुजबुजला, “काका, वर बघा, धनेश!”

“त्याला म्हणावं थांब. आधी सॅम्पल.”

काचेच्या बाटलीत पाणी भरून त्यांनी हुंगलं. “वासच नाही,” ते संशयाने म्हणाले. “काहीतरी गडबड आहे.”

“अहो, पाण्याला वास नसतो!” मोरेकाकू ओरडल्या. “शाळेत गेला होतात ना?”

त्या आवाजाने धनेश उडाला. बोलणी काकांनी खाल्ली.

दुपारी एका ओढ्यावर खंड्या दिसला. सूर मारून मासा घेऊन फांदीवर बसला. काका बाटलीचं बूच लावायचं विसरले.

“आपल्या नाल्यावर होता रे हा,” ते मला म्हणाले. “मी नोकरीला लागलो तेव्हा. पावसाचा जोर असला की आम्ही सांडपाण्याची टाकी तशीच नाल्यात सोडायचो. रजिस्टरमध्ये लिहायचं, प्रक्रिया करून सोडले. खाली सही माझी. रोज बघायचो, अजून बसतोय का. एक दिवस नव्हता. तरी सही केली.”

मी संतापलो. “तुम्ही गुन्हेगार आहात,” म्हणालो आणि गाडीत जाऊन बसलो.

परत आल्यावर काकांनी सगळं स्वतःच्या नावानिशी लिहून काढलं. आजही हेच चालतं, ते थांबवा, असा प्रदूषण नियंत्रण मंडळाला अर्ज तयार केला. पाठिंब्याच्या सह्यांसाठी दारोदार फिरले. “सोडलंत तुम्ही आणि सही आम्ही करायची?” मोरेकाकू म्हणाल्या. जुन्या मित्राने फोनवर झापलं, “आरामात बस ना यार! आम्हालाही अडकवणार काय?” मग त्याचा फोन बंदच झाला. माझ्या दारात आले तेव्हा मी पुन्हा तोच शब्द वापरला.

“हो,” काका म्हणाले. “तेच लिहिलंय.”

मी सही केली. ती एकच. अर्ज कुठल्या टेबलावर पडलाय कोण जाणे. नाला तसाच वाहतोय. काका संध्याकाळी पुलाच्या कठड्यावर एकटे बसतात. काही बदलणार नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं.

तुमच्याही इमारतीत असा एखादा निवृत्त साहेब असेल. त्याला विचारा, तुम्ही कशावर सह्या केल्या? विचाराच. आणि तो सांगू लागला की मी उठून गेलो तसे जाऊ नका. त्याचं सांगून होईपर्यंत शेजारी बसा.